विटांवरचा पलंग आणि डोंगरातली गुहा

सुनेच्या पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा लावल्या, त्या दिवसापासून मी घरात पाय वाजवून चालले नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं होतं. पायथा उंच ठेवायचा, डोक्याची बाजू खाली, होईल तितकं डाव्या कुशीवर पडून राहायचं, फक्त न्हाणीघरापुरतं उठायचं. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला होता. गेल्या वर्षी पुण्यात असताना पाचवा महिना सरता सरता तिचं मूल गेलं. आधी दुखलं नाही, खुपलं नाही. म्हणून या वेळी मुलाने तिला देवपूरला आमच्याकडे आणून ठेवलं. तिची आई ती शाळेत असतानाच वारली. जळगावला वडील आणि भाऊ आहेत, पण दोघा पुरुषांच्या घरात बाळंतपणाचं कोण बघणार?

मला माणसांशी बोलायला फार जमत नाही. सून शिकलेली आहे, पण तिचंही तसंच. सकाळी आमचे हे मोटरसायकलवर सोनगीरकडच्या शेतात गेले, की दिवसभर घरात आम्ही दोघी. मी विचारायचं, 'पाणी देऊ का?' तिने 'चालेल' म्हणायचं. पुढे काय बोलावं, हे तिलाही सुचायचं नाही आणि मलाही.

मुलाने पुण्याहून येताना टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणलं होतं. ही आणि तिचा भाऊ लहानपणापासून असले खेळ खेळत वाढलेले. सुरुवातीला ती उजव्या कुशीवर वळून पडल्या पडल्या खेळायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग असायचा. पण खेळताना छाती धडधडते असं तिच्याच तोंडून निघून गेलं, बीपीही चढलेलं दिसलं, आणि डॉक्टरीणबाईंनी ते बंद करायला सांगितलं. ती घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. टीव्ही तिच्या पाठीमागे, कपाटाजवळ होता. तिथून वायर पुढे येत नव्हती.

त्यानंतर तिचं जेवण कमी झालं. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुस्करून, वर तेल सोडून द्यायची, ती दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी भिंतीकडे बघतच तिने विचारलं, "आई, तुम्ही खेळाल का? मी इथून सांगते."

मला हसू आलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मोबाइलवर मुलाला फोन लावते, तोही त्याचा फोटो दिसतो म्हणून. पण कुणाला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. मी खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले.

ते हातात धरायचं यंत्र सायकलच्या हँडलसारखं दोन्ही हातांनी धरायचं असतं. कोणत्या बोटाने काय दाबायचं, ते तिने मला पाठमोरं राहूनच शिकवलं. खेळात आपली तीन माणसं होती. एक तलवारवाला, एक धनुष्य घेतलेली मुलगी, आणि एक काठी टेकत चालणारी म्हातारी. म्हातारी जखमेवर जडीबुटी लावायची, माणूस पुन्हा उभा राहायचा. मी तिला सुईण म्हणायला लागले, मग सूनही तेच म्हणायला लागली. गोष्ट अशी होती, की एका राक्षसाने गावाची नदी डोंगराच्या पोटात अडवून धरली आहे. डोंगरापर्यंतचा सगळा रस्ता सुनेने आधीच काढला होता. आता गुहा ओलांडायची आणि राक्षसाला मारायचं, एवढंच राहिलं होतं.

एवढंच म्हणायला. गुहेत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. मशालीचा थोडा उजेड, त्याच्या पलीकडे काळं. दर दहा पावलांवर दोन वाटा, तिसरी कुठून तरी येऊन मिळालेली. भिंतीतून काहीतरी उडत अंगावर यायचं की माझ्या तोंडून 'अगं माय' निघायचं, आणि भिंतीकडे तोंड केलेल्या सुनेचे खांदे हलायचे. ती हसत होती. मी तेवढ्यासाठी रोज दुपारची भांडी तशीच ठेवून बसू लागले.

"काय दिसतंय?" ती विचारायची.

"डावीकडे भिंत. उजवीकडे भिंत. पुढे अंधार."

"मग पुढेच चला."

असोद्याला माझ्या वडिलांची केळीची बाग होती. बाग वाढली की आत दुपारीसुद्धा संध्याकाळ असते, आणि लहान पोर शिरलं तर सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. मी एकदा चुकले होते. रडून रडून दमले, तेव्हा वडिलांनी सांगितलं होतं, की हरवलं तर पळायचं नाही, पाणी कुठे वाहतंय ते ऐकायचं आणि पाटाच्या कडेकडेने चालायचं, पाट विहिरीपाशी आणतोच. गुहेतही कुठे तरी पाणी ठिबकत होतं. मी सुनेला म्हटलं, मी पाण्यामागे जाते. पहिल्यांदा त्या आवाजाने आम्हाला एका बंद कोपऱ्यात नेऊन सोडलं, तिथे नुसतं डबकं होतं. दुसऱ्यांदा मात्र वाट सापडली.

मग एक दिवस माझा पाय कपारीवरून सुटला आणि तिघंही खाली गेली. मला आपलं हसू आलं, कारण मेलेली माणसं मागच्या दिव्यापाशी पुन्हा उठून उभी राहतात, हे मला आता माहीत झालं होतं. पण सून हसली नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढरा झाला होता. मी यंत्र खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. दुखतंय का, विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ भिंतीच्या रंगाचे पोपडे नखाने काढत राहिली.

"आई, मी मनात धरलंय," ती म्हणाली. "पुढच्या सोनोग्राफीच्या आत राक्षस मेला, तर बाळ राहील."

मी विचारलं, "आणि नाही मेला तर?"

ती पुन्हा पोपडे काढायला लागली.

त्या दिवसापासून भाजी चिरताना, दळण निवडताना डोक्यात तीच गुहा. मीही आयुष्यात नवस केले आहेत. पण नवसाला समोर देव असतो. यंदा जमलं नाही, पुढच्या वर्षी फेडते, असं त्याला हात जोडून सांगता येतं. या डब्याला काय सांगणार? मुलाला सांगावं असं खूपदा मनात आलं. पण तो चिडला असता आणि यंत्र उचलून नेलं असतं, आणि मग राक्षस जिवंतच राहिला असता. तिच्या मनातली अट कुणाला उचलून नेता येणार होती? ह्यांनाही बोलले नाही. हे एकदा संध्याकाळी लवकर आले, मला खुर्चीवर बसलेली बघून दारातच थांबले आणि म्हणाले, "मरी गया का राक्षस?" मी म्हटलं, अजून गुहेतच आहे. हे म्हणाले, "मंग भाकर कोन करी, तो का?" सून हसली. मला हसता आलं नाही.

गुहेच्या अगदी शेवटी एक मोठी मोकळी जागा आली. मधोमध एक दगड होता. उभट, वरून गोल, लालसर. सून त्या वेळी डोळे मिटून पडली होती. पाणी वरच्या बाजूने येत होतं आणि दगडाच्या पायाशी जमत होतं. मी दगडापाशी गेले तशी इंग्रजीतली एक ओळ आली आणि खाली दोन शब्द, हो आणि नाहीचे. तेवढे शब्द मला ओळखता येतात. ओळीसमोर सुईणीच्या झोळीचं चित्र होतं.

आमच्या असोद्याच्या शेतात उंबराखाली मुंजोबा आहे. शेंदूर लावलेला असाच एक दगड. बागेत शिरण्याआधी त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचं. केळीची फणी, नाही तर भाकरीचा तुकडा, काहीच नसेल तर झाडाचं पान. रिकाम्या हाताने त्याच्यापुढून जायचं नाही, आणि ठेवलेलं परत उचलायचं नाही. मला विचार करावा लागला नाही. राक्षसाच्या दारात बसलेला देव, त्याला ओलांडून कसं जायचं? मी 'हो' दाबलं. झोळी उघडली आणि सगळी जडीबुटी दगडापुढे गेली. मागून धाडकन आवाज आला.

"आई, हा आवाज कसला?" सुनेने डोळे उघडले होते.

मी सांगितलं. दगड, झोळी, हो. मागे दार बंद झाल्यासारखं दिसतंय, हेही सांगितलं.

"सगळी ठेवलीत?"

"सगळी. देवापुढे थोडी हातची राखून कशी ठेवणार?"

तिने मला झोळी उघडून बघायला लावली. झोळी रिकामी होती. तो दगड म्हणजे खेळातली एक हूल होती, असं तिने नंतर मला समजावलं. तिथे 'नाही' दाबून पुढे जायचं असतं. दार बंद झालं की आपण कुठवर आलो ते खेळ आपोआप लिहून ठेवतो, त्यामुळे मागेही जाता येत नाही. आता जखम भरायला काहीच नव्हतं, आणि पुढच्या दारापलीकडे राक्षस होता.

ती मला एक शब्द वावगा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी दंडाला पट्टा लावला तर बीपी चढलेलं. मी आकडा दोनदा बघितला. ह्यांनी विचारलं, आज काय खाल्लं तिने, मी म्हटलं काही नाही. मुलाचा फोन आला तेव्हा जीव मुठीत धरून त्याला खेळापुरतं विचारलं. तो हसत म्हणाला, "आई, तू राक्षसापर्यंत पोचलीस? आता एक तर पहिल्यापासून सुरू करा, नाही तर आहे तसं लढा." पहिल्यापासून करायला महिने लागले असते. सोनोग्राफी तर पुढच्याच आठवड्यात होती.

राक्षस म्हणजे डोंगराचाच एक तुकडा उठून उभा राहिल्यासारखा होता. त्याच्याशी लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीने होती. आधी आपण, मग तो. आपली पाळी आली की तो नुसता उभा राहून श्वास घेतो, आपण कितीही वेळ लावला तरी. पहिल्या दिवशी त्याने दोन फटक्यांत आमचे तिघे लोळवले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तलवारवाल्याला पुढे करून बघितलं, मागे ठेवून बघितलं. सुईण झोळी उघडायची, हात रिकामा बाहेर यायचा. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सून भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. एके दुपारी ती म्हणाली, "आई, थांबा. मोठा फटका मारायच्या आधीच्या पाळीत तो वेगळा आवाज करतो. पिठाची गिरणी सुरू होताना करते ना, तसा."

मला तो आवाज वेगळा वाटला नव्हता. मी बघत होते, म्हणून मला ऐकू येत नव्हता बहुतेक. मग आम्ही तसं सुरू केलं. ती ऐकायची आणि "गिरणी" म्हणायची. मी तिघांनाही ढाली धरून बसवायची. फटका यायचा, पण माणसं उभी राहायची. गिरणी नसेल तेव्हा मारायचं. फार हळू काम होतं. मेलो, पण आधीपेक्षा उशिरा मेलो. पुन्हा उठलो. सुनेच्या आवाजात जोर आला. मला मात्र तिच्या पोटाची धास्ती. मी मध्येच उठून तिच्या कपाळाला हात लावून यायची. ती म्हणायची, "मी नुसती ऐकतेय, आई."

सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी सकाळीच बसलो. हे शेतात गेले होते. त्या दिवशी हाताला कसं कोण जाणे, वळण आलं होतं. राक्षसाच्या डोक्यावरची त्याच्या जिवाची तांबडी रेघ कमी कमी होत नखाएवढी उरली. आमचा तलवारवाला पडला होता, सुईण एका गुडघ्यावर होती, पण उभे होतो. गिरणीचा फटका नुकताच येऊन गेला होता. आता पाळी आमची.

"आई," सून म्हणाली. आवाज बदललेला होता. "पोटात ओढतंय."

मी वळून बघितलं. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. मी यंत्र खाली ठेवून उठले, तशी ती म्हणाली, "नको, थांबा. एकच फटका राहिलाय. मारा आणि मग जाऊ. आई, मारा ना."

"नाही," मी म्हटलं.

इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. एक बटण दाबायला वेळ लागला नसता, हे मलाही समजत होतं. पण त्या एका फटक्याने मेला नसता तर? तिने दुसरा मागितला असता. आणि मेला असता, आणि तिकडे पोटात काही झालं असतं, तर तिने जन्मभर काय मनात धरलं असतं? हे सगळं मी आता लिहिते आहे. तेव्हा एवढा विचार नव्हता. तेव्हा फक्त रिक्षा कुठे मिळेल हे डोक्यात होतं.

शेजारच्या अक्कांना हाक मारली, त्यांनी घराकडे बघते म्हटलं. रिक्षावाल्याला मी गल्लीच्या तोंडापासून सांगत होते, हळू घे भाऊ, खड्डा चुकव भाऊ. पांझरेच्या पुलावर सून माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मारला नाही आपण." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. नदीकडे बघत मीही मनात काहीतरी म्हटलं.

दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी रांग होती. अशा ठिकाणी मी नेहमी ह्यांच्या पाठीमागे उभी राहते. त्या दिवशी पाठ नव्हती. मी रांग सोडून पुढे गेले आणि टेबलामागच्या मुलीला म्हटलं, "टाका घातलेली सून आहे. पोटात ओढतंय. आधी तिला आत घ्या." ती नाव विचारायला लागली. मी म्हटलं, नाव नंतर लिही, बाई. ती उठली.

आत नेलं. सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि उद्याची सोनोग्राफी आजच करून घेऊ म्हणाल्या. सुनेने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ त्या खोलीत फक्त मला कळत होता. सोनोग्राफीच्या आत, असं धरलं होतं. राक्षस जिवंत होता. तिने डोळे घट्ट मिटले आणि माझा हात इतका दाबला की बांगडी मनगटात रुतली.

मग खोलीत आवाज सुरू झाला. घोडा दौडल्यासारखा, न थांबणारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठीक आहे, टाकाही जागेवर आहे, पोट थोडं आवळलं होतं, आजचा दिवस इथे ठेवू. सुनेने डोळे उघडले नाहीत. कानांकडे पाणी ओघळत होतं. मी पदराने पुसलं. ती आवाज ऐकत होती, आणि मी तिला ऐकू दिलं.

दुपारी हे डबा घेऊन आले. घाबरलेले होते, पण तसं दाखवायची ह्यांची रीत नाही. खाटेजवळ उभं राहून सुनेला म्हणाले, "तुमना राक्षस तठेच उभा शे. मी हात नही लावा. पाव्हणा समजीसन पानी देऊ का त्याले?"

सलाइन लावलेल्या हाताने तोंड झाकून सून हसली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. विटांवरच्या पलंगावर तिला डाव्या कुशीला निजवलं. टीव्ही खरंच सुरू होता. राक्षस तसाच उभा, छाती वरखाली होत होती. सुईण तशीच एका गुडघ्यावर. पाळी अजून आमचीच होती.

मी विचारलं, बंद करू का? सून म्हणाली, आता मारला काय आणि नाही मारला काय. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मारा."

मी धनुष्यवाल्या मुलीला बाण सोडायला लावला. नखाएवढी रेघ पुसली गेली. राक्षस पडला नाही, हळूहळू खाली बसला, आणि त्याच्या मागून पाणी आलं. ज्याच्या आवाजामागे मी इतके दिवस चालत होते, तेच असावं. ते गुहेतून वाहत बाहेर उजेडात गेलं. मग इंग्रजीतली नावं वर वर सरकत राहिली. मी ती सगळी बघत बसले. ती संपायच्या आत सून झोपून गेली होती.

अजून विटा काढलेल्या नाहीत. आठवा लागला की बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. झाडताना मी रोज एकेका विटेला हात लावून बघते, हलत तर नाही ना. मुलाने फोनवर विचारलं, दुसरा खेळ आणू का. मी म्हटलं आण, फक्त तिच्याकडून वदवून घेतलं, की या वेळी मनात काही धरायचं नाही.

मी पांझरेच्या पुलावर काय म्हटलं, ते मात्र तिला सांगितलेलं नाही. असोद्याला जाऊन उंबराखाली केळीचा अख्खा घड ठेवायचा आहे. बाळंतपण झाल्याशिवाय मला घर सोडता येणार नाही, त्यामुळे ते लांबणार. मुंजोबाला उशीर चालतो. निदान आजवर तरी चालला आहे.